घर हेच लेकराचे पहिले न्यायालय!

आपला समाज लेकरांच्या शिक्षणासाठी काय करीत नाही? बाप दुहेरी पाळी करतो, आई चार घरची धुणीभांडी करते, गावाकडचा अर्धा एकराचा तुकडा विकला जातो, पतसंस्थेचे कर्ज डोक्यावर घेतले जाते आणि मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला, मेडिकलला, वकिलीला धाडली जाते. बाबासाहेबांचा शिकण्याचा आदेश आमच्या अडाणी मायबापांनी जितक्या निष्ठेने पाळला, तितका क्वचितच कोणी पाळला असेल. परंतु मुलाच्या हाती पुस्तक दिले की आपले कर्तव्य संपले, असे आपण समजू लागलो आहोत काय? ते पुस्तक घेऊन लेकरू ज्या बाकावर बसते, ज्या वसतिगृहात झोपते, ज्या मेसमध्ये जेवते, तेथे लोक त्याच्याशी कसे वागतात, हा प्रश्न किती घरांत विचारला जातो? मार्क किती पडले हे विचारले जाते. शिष्यवृत्ती जमा झाली का हे विचारले जाते. मात्र “बाळा, तुला तिथे कोणी त्रास देते का?” एवढे साधे वाक्य आपल्या घरांत उच्चारले जात नाही. या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत काही घरांनी फार भयंकर मोजली आहे. म्हणून आज आम्ही या एकाच प्रश्नाविषयी लिहीत आहोत.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुलांची थट्टामस्करी आणि मुलाचा छळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकापासून शाळकरी मुलांमधील छळाचा अभ्यास केला. त्याने छळाची तीन लक्षणे सांगितली. तो हेतुपुरस्सर केलेला असतो, तो पुन:पुन्हा होतो आणि छळणारा व सोसणारा यांचे बळ समान नसते. दोन मित्र एकमेकांना चिडवतात आणि संध्याकाळी एकत्र क्रिकेट खेळतात, हा छळ नव्हे. पण पाच जण मिळून एकाला रोज लक्ष्य करतात, त्याच्या डब्याकडे पाहून नाक मुरडतात, त्याला गटातून वगळतात आणि तो रडला की हसतात, हा छळच होय.

आता या देशात हे तिसरे लक्षण, म्हणजे बळाची विषमता, कोठून येते? युरोपातल्या शाळेत ती अंगापिंडाच्या ताकदीतून किंवा गटाच्या संख्येतून येत असेल. आमच्याकडे ती जन्मत:च वाटून दिलेली आहे. वर्गातला एखादा किडकिडीत, अभ्यासात यथातथा असलेला मुलगाही आमच्या हुशार मुलीला एका शब्दात गप्प करू शकतो, कारण त्याच्या त्या शब्दामागे हजारो वर्षांची व्यवस्था उभी असते. जाड मुलाला चिडवले तर त्याला वाटते, मी बारीक होईन. तोतऱ्या मुलाला वाटते, मी बोलायला शिकेन. जातीवरून डिवचलेल्या मुलाने काय बदलायचे? बापाचे नाव? वस्तीचा पत्ता? घरातल्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो? तो बदलू काहीच शकत नाही. मग तो लपवू लागतो. आणि लपवणे हीच त्याच्या मनाला लागलेली पहिली कीड असते.

या छळाचे रूप काळानुसार बदलले आहे. पूर्वी वर्गात वेगळे बसवीत, पाण्याच्या माठाला हात लावू देत नसत. आज शहरातल्या शाळेत तसे उघडपणे क्वचित घडते. आज “तुमचं बरं आहे बाबा, कमी मार्कांतही ॲडमिशन”, “सरकारी जावई”, “कॅटेगरीवाला”, “फुकटे” अशी भाषा असते. मोठ्या संस्थांमध्ये तर जात थेट विचारीतही नाहीत. “रँक किती?” एवढेच विचारतात आणि आकडा ऐकला की चेहरे बदलतात. मुंबईच्या आयआयटीला जुलै २०२३ मध्ये, विद्यार्थ्यांनी एकमेकांना जेईईचा रँक किंवा प्रवेशाचा प्रवर्ग विचारणे अनुचित आहे, अशी सूचना काढावी लागली. देशातल्या सर्वात बुद्धिमान म्हणवणाऱ्या तरुणांना हे लिहून सांगावे लागते, यापेक्षा अधिक बोलका पुरावा कोणता हवा?

त्यात भर पडली ती मोबाईलची. पूर्वी शाळा सुटली की निदान घरी आल्यावर सुटका होत असे. आता वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप लेकराच्या उशाशी असतो. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दिवसांच्या आसपास अशा ग्रुपवर महापुरुषांची आणि आरक्षणाची जी टवाळी चालते, ती आपल्या मुलाला रात्री अकरा वाजता अंथरुणात पडल्यापडल्या वाचावी लागते. आईबाप शेजारीच झोपलेले असतात आणि त्यांना याची गंधवार्ताही नसते.

याचा मुलावर काय परिणाम होतो? सुरुवात अगदी क्षुल्लक गोष्टींनी होते. सकाळी शाळेची वेळ झाली की पोटात दुखते. डबा न खाता परत येतो. आवडीच्या विषयात गुण घसरतात. झोप लागत नाही. बडबडे पोर गप्प होते किंवा गरीब स्वभावाचे पोर घरात धाकट्या भावंडांवर हात उगारू लागते. आडनाव विचारले की चाचरते. “पप्पा, तुम्ही शाळेत येऊ नका” असे म्हणते. जयंतीच्या मिरवणुकीत यायला नकार देते. आपण म्हणतो, वयच तसे आहे, हट्टी झाला आहे, अभ्यास नको म्हणून नाटके करतो. प्रत्यक्षात ते लेकरू आपल्याशी त्याला जमेल त्या भाषेत बोलत असते.

आणि हे दु:ख शाळेबरोबर संपत नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास आहे. त्यातील साडेसात हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासून २०१४ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांचा वारंवार छळ झाला होता, त्यांच्यात पन्नाशीतही नैराश्य व चिंता यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले. म्हणजे चौथीच्या वर्गातले बोचरे शब्द माणूस नातवंडे होईपर्यंत वागवतो! आमच्या समाजात शिकून सवरून साहेब झालेली, पण चारचौघांत आपली ओळख सांगताना आजही ओठ कोरडे पडणारी माणसे आम्ही पाहतो. त्यांना भित्रे म्हणून हिणवणे सोपे आहे. परंतु त्यांच्या बालपणी त्यांच्या पाठीवर हात ठेवून “यात तुझा काही दोष नाही” असे सांगणारे कोणी होते का, हेही विचारले पाहिजे.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. मुलाने धीर करून घरी सांगितले तर आपण काय म्हणतो? “दुर्लक्ष कर.” “आपण शिकायला आलोत, भांडायला नाही.” “मोठ्या माणसांच्या नादी लागू नको.” “तूच काहीतरी केलं असशील.” या चार वाक्यांनी आपल्या घरांत जितकी तोंडे बंद केली, तितकी बाहेरच्या कुणी गुंडाने केली नसतील. आमच्या वकिलीच्या कामात असे पालक वारंवार भेटतात. डिप्लोमा शिकणाऱ्या एका मुलाचे वडील आमच्याकडे आले, ते मुलाने कॉलेज सोडल्यानंतर. मुलाच्या वह्या चाळताना त्यांना कळले की दीड वर्षापासून हे चालू होते. “मला का नाही सांगितलंस?” असे त्यांनी विचारले तेव्हा मुलगा म्हणाला, “पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं.” वडिलांना ते आठवतही नव्हते. फीचा हप्ता भरायचा होता, त्या गडबडीत ते “बघू” म्हणाले होते.

या पित्याला आम्ही दोष देत नाही. “सहन कर” म्हणणारा बाप निष्ठुर नसतो. तो घाबरलेला असतो. एवढ्या कष्टाने मिळालेली सीट जाईल, इंटर्नलचे मार्क कापले जातील, कर्जाचे हप्ते डोक्यावर असताना पोरगा नापास होईल, अशी त्याला धास्ती असते. गावात तर याहून मोठे भय असते. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावात नितीन आगे या १७ वर्षांच्या विद्यार्थ्याची हत्या झाली. शाळेपासून त्याला मारहाण करीत नेल्याचा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये सारे आरोपी सुटले, कारण एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. हे पाहिलेल्या बापाने आपल्या मुलाला “गप्प बस” म्हटले, तर त्याचा अर्थ समजण्यासारखा आहे. पण समजण्यासारखा असला तरी तो बरोबर नाही. कारण गप्प बसल्याने छळ थांबत नाही. छळणाऱ्याला तेवढे कळते की याच्या मागे कोणी नाही.

काही समाजबांधव यावर म्हणतील, “अहो, बाबासाहेबांनी केवढे सोसले! आजची पोरं नाजूक झाली आहेत. त्यांना कणखर करा.” हा युक्तिवाद आम्ही अनेक व्यासपीठांवरून ऐकला आहे. तो अर्धवट वाचनातून आलेला आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी छोटा भिवा साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत त्याला बसायला स्वत:चे गोणपाट घरून न्यावे लागे आणि परतही आणावे लागे, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावीत नसे. शिपायाने नळ सोडला नाही तर तहानलेलेच राहावे लागे. हे सर्व खरे आहे. पण त्याच आठवणींत बाबासाहेबांनी आणखीही एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. साताऱ्यात न्हावी मिळत होते, पण ते अस्पृश्यांचे केस कापीत नसत. तेव्हा भावंडांचे केस त्यांची थोरली बहीण कापीत असे आणि सरावाने ती त्या कामात तरबेज झाली होती.

बंधूंनो, भगिनींनो, या एका गोष्टीवर जरा थांबा. बाहेरच्या जगाने ज्या डोक्याला हात लावायचे नाकारले, ते डोके बहिणीने मांडीवर घेतले. कुटुंबाचा आधार म्हणजे दुसरे काय असते? आई भीमाबाई लहानपणीच गेल्या. आत्या मीराबाईंनी या पोराला माया दिली. सुभेदार रामजींनी परळच्या चाळीतल्या एका खोलीत पहाटे दोन वाजता उठवून त्याला अभ्यासाला बसवले. पुस्तकांसाठी पैसे नसले की लग्न झालेल्या लेकींकडे जाऊन त्यांचे दागिने मागून आणले आणि ते गहाण टाकले. मुंबईच्या शाळेत भीमराव फळ्याकडे निघाला तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून वर्गात ओरड झाली. असा अपमान पचवून तो ज्या घरी परतत असे, त्या घरात त्याची किंमत कमी झालेली नसे. बाबासाहेब एकट्याने सोसून मोठे झाले नाहीत. त्यांच्या मागे एक घर खंबीर उभे होते. आणि त्यांनी पुढे जो संघर्ष केला, तो पुढच्या लेकरांनीही असेच सोसावे म्हणून केला काय? साताऱ्याच्या नळाशी तहानलेला राहिलेला तो मुलगा २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारोंना घेऊन गेला. तो सहनशीलतेचा धडा देण्यासाठी खासच गेला नव्हता.

घराच्या आधाराला विज्ञानाचाही पाठिंबा आहे. ब्रिटनमध्ये जुळी मुले असलेल्या १,११६ कुटुंबांचा अभ्यास झाला आणि त्यातून २०१० साली हे पुढे आले की शाळेत छळ सोसणाऱ्या मुलांपैकी ज्यांना आईची ऊब, भावंडांची जवळीक आणि घरात शांत, प्रसन्न वातावरण लाभले, ती मुले मनाने आणि वागण्याने अधिक सावरलेली राहिली. अभ्यास जुळ्यांचा असल्याने हे केवळ आनुवंशिक स्वभावामुळे घडले असे म्हणता येत नाही. यासाठी पैसा लागत नाही. एका खोलीच्या झोपडीतही हे देता येते आणि तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्येही ते नसू शकते.

तथापि येथे आम्हाला एक इशारा द्यावासा वाटतो. घराचा आधार आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. असे न म्हटल्यास सगळा दोष पालकांच्या माथी मारून संस्था नामानिराळ्या राहतील. रोहित वेमुलाची आई राधिका यांनी शिवणकाम करून मुलांना वाढवले. रोहित हैदराबाद विद्यापीठात पीएच.डी.ला पोहोचला. त्याची फेलोशिप थांबली, चार सहकाऱ्यांसह त्याला वसतिगृहातून बाहेर काढण्यात आले, ते उघड्यावर राहिले आणि १७ जानेवारी २०१६ रोजी तो गेला. जळगाव जिल्ह्यातून आलेली डॉ. पायल तडवी ही आदिवासी तडवी भिल्ल समाजातली मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी ती गेली. वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाबद्दल आपण आधीच दाद मागितली होती, असे तिची आई आबेदा यांनी सांगितले आहे. दर्शन सोळंकी हा अहमदाबादचा १८ वर्षांचा मुलगा १२ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई आयआयटीत गेला. जात कळल्यावर मित्र दुरावल्याचे तो आपल्याशी बोलला होता, असे त्याच्या बहिणीने सांगितले. संस्थेच्या समितीला मात्र जातीय भेदभावाचा पुरावा सापडला नाही! या घरांनी आपल्या लेकरांवर प्रेम केले नव्हते काय? केले होते. त्यांचे म्हणणे ऐकलेही होते. ऐकले नाही ते संस्थांनी.

नोंद घ्यावी ती यानंतर या घरांनी जे केले त्याची. राधिका वेमुला आणि राजा वेमुला यांनी १४ एप्रिल २०१६ रोजी दादरच्या आंबेडकर भवनात बौद्ध धम्माचा स्वीकार केला. भावाच्या मृत्यूनंतर राजा कायदा शिकले आणि वकील झाले. राधिका आणि आबेदा या दोन माता २०१९ मध्ये एकत्र येऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मागणी आपल्या मुलांपुरती नव्हती. उच्च शिक्षण संस्थांमधला जातीय भेदभाव रोखणारी यंत्रणा कागदावरून खाली उतरवा, अशी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समता विनियम होते, त्यात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद होती, पण अंमलबजावणीच्या नावाने शिमगा होता. या मातांच्या याचिकेमुळे हलचाल झाली आणि १३ जानेवारी २०२६ रोजी नवे विनियम अधिसूचित झाले. लगेच देशभर ओरड सुरू झाली आणि २९ जानेवारी २०२६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन २०१२ चेच विनियम चालू राहतील असा आदेश दिला. दोन आयांची सहा वर्षांची लढाई आणि सोळा दिवसांचे आयुष्य! एवढ्यावरून आपल्या लेकरांच्या बाजूने उभे राहणे या देशात किती अवघड आहे, हे ध्यानात यावे.

असे असले तरी कायदा अगदीच निकामी नाही. तो वापरायला मात्र घराने पहिले पाऊल टाकावे लागते. वकील म्हणून आम्ही काही गोष्टी सांगतो, त्या घरात चिकटवून ठेवाव्यात. महाराष्ट्रात रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ पासून आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. महत्त्वाचे असे की लेखी तक्रार विद्यार्थ्यानेच केली पाहिजे असे नाही. आईवडील, पालक किंवा शिक्षकही ती करू शकतात. तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी केली पाहिजे, तथ्य दिसल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवली पाहिजे. त्याने टाळाटाळ केली तर तो स्वत: गुन्ह्याला साथ देणारा ठरतो. प्राचार्यांच्या केबिनमध्ये “आपसात मिटवून घ्या” असे ऐकून परतणाऱ्या किती पालकांना हे ठाऊक आहे?

विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियम २००९ चे. २०१६ च्या दुरुस्तीने जात, धर्म, वंश, प्रदेश, भाषा, लिंग यावरून केलेला मानसिक छळ आणि वाळीत टाकणे हेही रॅगिंगमध्ये मोडते. म्हणजे “आम्ही हात कुठे लावला?” ही पळवाट राहिलेली नाही. शाळेच्या पातळीवर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी आहे आणि दुर्बल व वंचित घटकांतील मुलांशी भेदभाव होणार नाही, हे पाहण्याची जबाबदारी शासनावर व स्थानिक प्राधिकरणावर टाकलेली आहे. जातीवाचक अपमान सार्वजनिक दृष्टिपथात झाला तर ॲट्रॉसिटी कायदा लागू होतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. २ एप्रिल २०१८ चा भारत बंद व्यर्थ गेला नाही! मात्र “सार्वजनिक दृष्टिपथ” हे शब्द न्यायालय काटेकोरपणे तपासते. म्हणून अपमान झाला तेव्हा तेथे कोण कोण हजर होते, त्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवा.

आमचे पालकांना कळकळीचे सांगणे आहे की रागाच्या भरात शाळेत जाऊन आरडाओरडा करू नका. त्याने लेकरू आणखी एकटे पडते. आधी मुलाचे पूर्ण ऐका, मध्ये तोडू नका. तारीख, वार, वेळ, शब्द, साक्षीदार असे वहीत लिहा. मोबाईलवरचे संदेश पुसू नका, त्यांचे फोटो काढून ठेवा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. पोच नाकारली तर स्पीड पोस्टाने पाठवा. पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी मुलाला विचारा, कारण उद्या त्या वर्गात त्यालाच बसायचे आहे. मूल जगण्याविषयी निराशेचे बोलू लागले तर ते गंभीरपणे घ्या, त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांची मदत घ्या. १४४१६ हा टेलिमानसचा, १०९८ हा चाइल्डलाइनचा आणि १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगविरोधी मदतीचा क्रमांक आहे. हे तिन्ही प्रत्येक विहाराच्या फळ्यावर लिहिलेले असावेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यात १,७६४ एवढी सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्राची होती. हे सगळेच छळाचे बळी होते असे आम्ही म्हणत नाही. पण यातल्या प्रत्येकाचे कोणीतरी वेळीच ऐकायला हवे होते, एवढे तर निश्चित.

आता थोडे आत्मपरीक्षण. आपली मुले केवळ छळ सोसणारीच आहेत काय? आपल्याच वस्तीत काळ्या रंगावरून, अपंगत्वावरून, मुलीसारखे चालतो म्हणून एखाद्या पोराला हैराण करणारी मुले कोणाची असतात? मातंग, चर्मकार, वाल्मीकी समाजातल्या वर्गमित्राला कमी लेखणारी भाषा काही बौद्ध घरांतूनही ऐकू येते, हे सत्य आम्ही का लपवावे? बाप घरात आईवर हात उचलतो, तेथे मुलगा काय शिकतो? दुर्बलाला मारता येते, हेच शिकतो. मग असे मूल बाहेर मार खाते तरी किंवा मारते तरी. समतेचा लढा चौकात आणि विषमता स्वयंपाकघरात, हे चालणार नाही. ज्या घरात मुलीला “तू गप्प बस” म्हणतात, त्या घरातली मुलगी वसतिगृहात छळ झाला तर कोणाला सांगणार?

दुसरा प्रश्न ओळखीचा. नोकरदार मंडळींत मुलाला जातीविषयी, चळवळीविषयी काहीच न सांगण्याची प्रथा पडली आहे. कॉलनीत कोणाला कळू नये म्हणून आडनाव बदलायचे, घरातला फोटो आतल्या खोलीत न्यायचा. हेतू चांगला असतो, लेकराला झळ लागू नये. पण मग एके दिवशी वर्गात दाखल्यावरून किंवा शिष्यवृत्तीच्या यादीवरून उघड होते आणि ते लेकरू पूर्ण नि:शस्त्र सापडते. काय लागले हेही त्याला कळत नाही. उलट ज्या मुलाला आपले आजोबा कोण होते, महाडला काय घडले, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला काय झाले, आरक्षण ही भीक नसून घटनादत्त हक्क कसा आहे, हे घरातच समजले आहे, त्याच्यावर तोच शब्द आदळला तर दु:ख होते, पण शरम वाटत नाही. दु:खावर उपाय असतो. शरम माणसाला आतून पोखरते. मुलांना इतिहास सांगणे ही म्हणूनच त्यांच्या संरक्षणाची बाब आहे.

तामिळनाडूतल्या तिरुनेलवेली जिल्ह्यातील नांगुनेरीची घटना या सगळ्याचे सार सांगते. बारावीत शिकणाऱ्या एका दलित मुलाला वर्गातली मुले छळत होती. तो शाळेला जाईना. चौकशी झाली, त्याने तक्रार केली आणि ९ ऑगस्ट २०२३ च्या रात्री शाळकरी मुलांनी घरात घुसून त्याच्यावर कोयत्याने वार केले. त्याला वाचवायला त्याची धाकटी बहीण मध्ये पडली, तीही जखमी झाली. हा मुलगा जगला. त्याने दवाखान्यातून येऊन अभ्यास केला आणि मे २०२४ मध्ये बारावीला ६०० पैकी ४६९ गुण मिळवले. सरकारने न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती नेमली, तिने जून २०२४ मध्ये अहवाल दिला आणि मनगटावर जातीचे रंगीत धागे बांधण्यावर बंदी घाला, शाळांच्या नावांतून जाती काढा, अशा शिफारशी केल्या. समिती नेमायला लेकरांचे रक्त सांडावे लागले. पण कोयता येताना पाहून ती लहान बहीण मागे सरली नाही, हेही आपण विसरू नये.

आमचे समाजबांधवांना आवाहन आहे. प्रत्येक विहारात पौर्णिमेच्या वंदनेनंतर अर्धा तास मुलांच्या बोलण्यासाठी राखून ठेवा. त्या वेळी मोठ्यांनी भाषण करू नये, ऐकावे. वस्तीतल्या वकिलांनी आणि शिक्षकांनी, शक्य असल्यास डॉक्टरांनीही, मिळून एक छोटी समिती करावी आणि तक्रार घेऊन शाळेत जाणाऱ्या पालकाबरोबर दोन माणसे जावीत. एकटा बाप गेला तर त्याला बाकावर बसवून ठेवतात. दोन-चार जण कागद घेऊन गेले की खुर्ची मिळते, हा आमचा अनुभव आहे. परगावी शिकणाऱ्या मुलांना त्या शहरातल्या कार्यकर्त्याचा फोन नंबर देऊन पाठवा. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा खर्च थोडा कमी झाला तर हे सहज जमेल.

न्यायालयात खटला उभा राहण्यासाठी आधी फिर्याद लागते. लेकराची पहिली फिर्याद पोलीस ठाण्यात नोंदली जात नाही. ती स्वयंपाकघरात, आईच्या पाठीमागे उभे राहून, अर्ध्या शब्दांत, दुसरेच काहीतरी सांगतासांगता नोंदवली जाते. ती तेथेच फेटाळली गेली तर पुढची सारी न्यायालये त्याच्यासाठी बंद होतात. म्हणून आज रात्री जेवताना टीव्ही बंद करा, मोबाईल बाजूला ठेवा आणि आपल्या मुलाला, मुलीला तो एक प्रश्न विचारा. उत्तर लगेच येणार नाही. उद्या पुन्हा विचारा.

जय भीम!